बोटानें दाखवावें कीं नांवानें मागावें?

एकच काम दोन मार्गांनीं होण्याजोगें असलें म्हणजे त्यांतला चांगला मार्ग कोणता, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. आणि बहुतेक प्रसंगीं, जो लौकर पोंचवितो तो चांगला, असें उत्तर देऊन तो मोकळा झाला आहे. संगणकाच्या व्यवहारांत हा प्रश्न गेल्या अर्धशतकांत एका विशिष्ट रूपानें चालत आला आहे. संगणकास आज्ञा द्यावयाची ती कळफलकावरील कळा दाबून द्यावी, कीं माउस हातांत धरून पडद्यावरील चित्रावर अगर यादीवर बाण नेऊन टिचकी मारून द्यावी? कळफलकाचे अभिमानी म्हणतात कीं, हात कळांवरून उचलणें हाच वेळेचा अपव्यय होय. माउसचे अभिमानी म्हणतात कीं, शेंकडों आज्ञा पाठ करीत बसण्यापेक्षां डोळ्यांपुढें आहे तें दाखवून मोकळें व्हावें. वरवर पाहतां हा कारागिरांचा आपसांतील वाद आहे, व इतरांनीं त्यांत पडण्याचें कारण नाहीं असें वाटेल. परंतु आज सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत पुष्कळसा व्यवहार ज्या यंत्रांतून होतो, त्याशीं बोलण्याची रीत कोणती असावी, हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहिलेला नाहीं. त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

तो प्रश्न नीट दिसावा म्हणून वाचकांस आम्ही क्षणभर संगणकापासून दूर, आलापल्लीच्या बाजारांत नेऊं इच्छितों. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, अहेरी तालुक्यांत, हें गांव आहे. सागवानाबद्दल त्याचा लौकिक मोठा. आणि भामरागड, एटापल्ली व सिरोंचा या बाजूंचे रस्ते येथून फुटत असल्यामुळें वनांतल्या दूरदूरच्या वस्त्यांचीं माणसें येथें येतात. त्यांत कोणी गोंडी बोलतो, कोणी माडिया, कोणी तेलुगु, कोणी मराठी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या व या जिल्ह्यांत वसविलेल्या कुटुंबांची बंगालीही कानावर पडते. अशा बाजारांत ज्याला दुकानदाराची भाषा येत नाहीं त्याचें अडतें काय? फारसें अडत नाहीं. तो मिठाकडे बोट करितो, दोरीकडे बोट करितो. दुकानदार वस्तु पुढें ठेवितो आणि किंमतही बोटांनींच सांगतो. ही खुणेची भाषा कोणास शिकावी लागत नाहीं. ती येत नाहीं म्हणून कोणी दारांतून परत जात नाहीं. हा तिचा फार मोठा गुण आहे, आणि त्यास कमी लेखणें बरें नव्हे.

तथापि या भाषेची मर्यादाही लौकरच ध्यानांत येते. जें समोर मांडलेलें आहे तेंच बोटानें दाखवितां येतें. 'मागच्या खेपेस दिली होती तसली द्या', 'किडकीं सोडून बाकीचीं सर्व द्या', 'पावसाआधीं माल आला तर दोन ठेवा, एरवीं एकही नको', हें बोटानें सांगण्याचा उपाय नाहीं. जें समोर नाहीं, जें पुढें व्हावयाचें आहे, जें एखाद्या अटीवर अवलंबून आहे, त्यासाठीं शब्दच लागतो. बोटावर चालणाऱ्या गिऱ्हाइकाची त्या दिवसाची गरज भागते. परंतु दुकानदारानें जें मांडलें असेल त्याच्या पलीकडे त्याला जातां येत नाहीं.

माउस हें असें बोट आहे, आणि कळफलक ही वाणी आहे. समजा, एखाद्या लांकूड-आगारांतील हजार ओंडक्यांची नोंद संगणकावर आहे. त्यांतला पडद्यावर दिसत असलेला एक ओंडका निवडावयाचा असेल तर त्यावर बाण नेऊन टिचकी मारावी, याहून सोपें कांहीं नाहीं. परंतु लांबी तीन मीटरांहून अधिक, घेर एक मीटराहून अधिक, आणि अद्याप विकला न गेलेला, असे सर्व ओंडके हवे असतील, तर तें शब्दांनीं सांगणाऱ्यास एक ओळ पुरते. नुसत्या बोटानें सांगणाऱ्यास हजार ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात. कोणी म्हणेल, तशी सोय यादींतच करून ठेवतां येईल. येईल खरी, पण ती दुसऱ्या कोणीं आधीं योजून मांडलेली असेल तरच. ज्यानें ती योजली नाहीं त्याच्या बुद्धीची सीमा हीच मग आपल्या कामाची सीमा होऊन बसते.

माउसच्या जनकास हा भेद पूर्णपणें ठाऊक होता. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला माउस तयार केला. सागाच्या मुलखांतील वाचकांस ऐकून गंमत वाटेल कीं, त्याची पेटी लांकडाची होती, आणि तिच्या खालीं परस्परांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगेलबार्ट यांनीं आपली योजना जाहीर सभेंत करून दाखविली, तेव्हां त्यांच्या उजव्या हातीं माउस होता, डाव्या हातीं पांच कळांचा एक लहानसा संच होता, व मध्यें नेहमींचा कळफलक होता. पांच कळा निरनिराळ्या जुळणीनें दाबल्या म्हणजे एकतीस खुणा होतात. उजव्या हातानें 'कोठें' तें दाखवावें, डाव्या हातानें 'काय' तें सांगावें, अशी ती वांटणी होती. बोट आणि शब्द यांचें वैर त्या योजनेंत कोठेंही नव्हतें.

वैर पुढें आलें, आणि तें सक्तीच्या वाटेनें आलें. आरंभीचे पुष्कळ संगणक आज्ञांचें पाठांतर केल्यावांचून कोणाशीं बोलत नसत. नवशिक्यापुढें रिकामा पडदा, आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. उलट १९८४ सालीं ॲपल कंपनीनें मॅकिंटॉश बाजारांत आणला तेव्हां त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाच ठेवल्या नव्हत्या. माउस हातीं धरल्यावांचून गत्यंतर राहूं नये, हा त्यांतला हेतु होता. एका पक्षानें अडाण्यास दार बंद केलें, दुसऱ्यानें जाणत्यास.

आतां वेगाचा हिशेब पाहूं. १९७८ सालीं स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश व बेटी बर यांनीं पडद्यावरील मजकुरापैकीं विवक्षित शब्द निवडण्यास कोणतें साधन चांगलें, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माउस, दांडी व दोन प्रकारच्या कळा यांत माउस सर्वांत जलद व सर्वांत कमी चुकणारा ठरला. मात्र ही परीक्षा बोटाच्या कामाची होती, म्हणून बोट जिंकलें यांत नवल नाहीं. पुढें १९८० सालीं कार्ड, टॉमस मोरन व ॲलन न्यूवेल यांनीं संगणकावरील कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकास लागणाऱ्या वेळेचें एक कोष्टक मांडलें. त्याप्रमाणें साधारण कुशल टंकलेखकास एक कळ दाबण्यास सुमारें ०.२ सेकंद लागतो. माउसनें नेमकी जागा गांठण्यास सुमारें १.१ सेकंद, हात कळांवरून माउसवर किंवा परत नेण्यास ०.४ सेकंद, आणि पुढें काय करावयाचें याची मनाची तयारी होण्यास १.३५ सेकंद. परंतु त्याच कोष्टकांत आणखी एक आंकडा आहे, ज्याकडे कळफलकाच्या अभिमान्यांचें लक्ष क्वचितच जातें. कळफलकाशीं ओळख नसलेल्या माणसास एक कळ दाबण्यास १.२ सेकंद लागतात.

या आंकड्यांनीं एक लहानसें गणित करावें. मजकुराची नक्कल घेण्याची आज्ञा दोन कळांनीं होते. मनाची तयारी दोन्हींकडे सारखी धरून बाजूस ठेवली, तर सरावलेल्या हातास या कामीं ०.४ सेकंद पुरतो. तेंच माउसनें करावयाचें तर जाण्यास ०.४, जागा गांठण्यास १.१, टिचकीस ०.२ व परत येण्यास ०.४, मिळून २.१ सेकंद. म्हणजे सरावलेल्यास कळ पांचपट जलद. परंतु न सरावलेल्यास त्याच दोन कळांना २.४ सेकंद लागणार. त्याला माउसच जलद. तेव्हां वेग हा साधनाच्या अंगीं असलेला गुण नव्हे. हात, स्मरण आणि काम या तिहींच्या संबंधांतून तो उत्पन्न होतो, आणि माणूस बदलला कीं तोही बदलतो. 'जलद कोणतें?' हा प्रश्न 'कोणासाठीं?' हें विचारल्यावांचून अपुरा आहे.

येथें आणखी एक अडचण आहे. स्वतःच्या वेळेविषयीं मनुष्य विश्वासू साक्षीदार नाहीं. ॲपलमध्यें काम करणारे ब्रूस टॉग्नाझिनी यांनीं १९८९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, लोकांस कळफलक जलद वाटतो, पण घड्याळ लावून पाहिलें तर माउस जलद ठरतो. कारण कोणती कळ दाबावी हें आठवण्यांत जो काळ जातो तो मन मोजीतच नाहीं, आणि माउस सरकवितांना मन रिकामें असल्यामुळें तोच काळ लांब वाटतो. त्यांचें मत सर्वांस मान्य झालें नाहीं, व सरावलेल्या हाताविषयीं वरचें कोष्टक त्याच्या विरुद्धच जातें. उलट २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, वर्षानुवर्षें संगणक वापरणारीं माणसेंही कळांची जलद वाट सोडून चित्रांवर टिचक्याच मारीत राहतात. एकास आपला मंदपणा वेग वाटतो. दुसऱ्यास आपला मंदपणा दिसतच नाहीं. दोघांचेंही समाधान खरें आहे, आणि म्हणूनच तें पुराव्यादाखल घेतां येत नाहीं.

पण समाधान कामकऱ्याचें, आणि वेळ कोणाची? आमच्या मतें या वादांतला नीतीचा प्रश्न येथें सुरू होतो. आलापल्लीसारख्या गांवीं आपले सरकार सेवा केंद्रापुढें रांग लागली आहे, अशी कल्पना करावी. आंत बसलेला मनुष्य जातीच्या दाखल्यासाठीं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं अर्ज भरीत आहे. समजा, एका अर्जांत चाळीस रकाने आहेत, आणि दर रकान्यानंतर तो हात उचलून माउसनें पुढच्या रकान्यावर टिचकी मारितो. टॅब नांवाची कळ दाबली असती तर ०.२ सेकंदांत काम झालें असतें, त्याला २.१ सेकंद लागतात. फरक १.९ सेकंदाचा, म्हणजे डोळ्याची पापणी चार-सहा वेळां लवावी इतका. चाळीस रकान्यांचे ७६ सेकंद होतात. दिवसाला साठ अर्ज धरले तर ७६ मिनिटें. हा सव्वा तास आंतल्या माणसास कोठेंच जाणवत नाहीं. त्याचा दिवस नेहमींसारखाच जातो. तो जाणवतो रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्या बाईला, जिला भामरागडच्या बाजूची शेवटची गाडी गांठावयाची आहे. तिचें काम त्या दिवशीं झालें नाहीं तर एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचें भाडें तिला पुन्हां खर्चावें लागतें.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, ज्याच्या हातून दुसऱ्याचें काम व्हावयाचें आहे त्याचें कौशल्य ही त्याची खाजगी आवडनिवड राहत नाहीं. घरीं बसून पत्र लिहिणाऱ्यानें माउस वापरावा कीं कळ, हा त्याचा प्रश्न. पण खिडकीमागें बसणाऱ्यावर बाहेर उभ्या असलेल्यांचें ऋण असतें, आणि आपलें साधन चांगलें जाणणें हा तें फेडण्याचा पहिला मार्ग आहे. महाराष्ट्र सरकार लिपिक-टंकलेखकाकडून मराठींत मिनिटास ३० शब्द अगर इंग्रजींत ४० शब्द इतक्या वेगाची अपेक्षा करतें, त्याचें समर्थनही शेवटीं याच तत्त्वावर होऊं शकेल.

इतक्यावरून कळफलकाचा पक्ष नीतीचा आणि माउसचा आळसाचा, असा निकाल कोणी काढील तर तो मात्र अन्यायाचा होईल. कळफलक स्मरण मागतो. आणि स्मरण हें फुकट मिळत नाहीं, तें फुरसतीचें व शिक्षणाचें फळ आहे. आपल्या भाषांसाठीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट नांवाची कळांची मांडणी ठरविली, व १९९१ च्या भारतीय मानकांत तिचा समावेश झाला. तिच्यांत स्वर डावीकडे व व्यंजनें उजवीकडे आहेत, आणि मराठी, तेलुगु वा बंगाली कोणतीही लिपि असो, 'क' एकाच कळेवर आहे. आलापल्लीसारख्या बहुभाषी गांवास याहून सोयीची मांडणी सुचविणें कठीण. पण ही सोय शिकलेल्याची. शिवाय आज्ञांच्या कळा इंग्रजी शब्दांवरून घेतलेल्या आहेत: नक्कल घेण्यास 'सी', कारण इंग्रजींत त्या क्रियेस 'कॉपी' म्हणतात. त्याच कळेवर इन्स्क्रिप्टचा 'म' आहे. इंग्रजी जाणणाऱ्यास जी खूण आपोआप आठवते ती इतरांस निरर्थक अक्षर म्हणून घोकावी लागते. माडिया घरांतून आलेल्या मुलीस शाळेंतली मराठीच आधीं परकी असते. तिच्यावर तिसऱ्या भाषेचें हें ओझें पडतें. गोंडीच्या मसराम लिपीस युनिकोडमध्यें जागा मिळाली ती २०१७ सालीं, व गुंजाळा लिपीस २०१८ सालीं. ज्यांच्या अक्षरांस यंत्रानें इतक्या उशिरां ओळखलें, त्यांना 'कळा पाठ करा' एवढेंच सांगून थांबणें शोभत नाहीं. त्यांच्यासाठीं बोटाचें दार उघडें असलेंच पाहिजे.

उलट बोटाचें दारही सर्वांस उघडें नाहीं. माउसचा बाण कोठें आहे हें ज्यास दिसत नाहीं, त्या दृष्टिहीनास माउस निरुपयोगी. पडदा वाचून दाखविणारी योजना व कळफलक यांच्याच जोरावर तो काम करूं शकतो. हात कांपणाऱ्या वृद्धास पडद्यावरील बारीक चौकोन गांठणें ही शिक्षा असते; लक्ष्य जितकें लहान व जितकें दूर तितका वेळ अधिक, हा पॉल फिट्स यांनीं १९५४ सालीं मांडलेला नियम त्याला रोज भोगावा लागतो. तेव्हां दोन्हीं साधनें असावींत, आणि कोणतेंही काम दोन्हींपैकीं कोणत्याही एकानें पूर्ण करतां यावें, हा पहिला न्याय.

परंतु दोन दारें ठेवलीं म्हणजे कर्तव्य संपलें असें आम्ही मानीत नाहीं. मनुष्य ज्या दारानें आंत येतो त्याच्याशींच बहुधा राहतो, हेंच तर वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासाचें तात्पर्य आहे. जें साधन प्रवेश सुलभ करितें पण पुढें नेत नाहीं, तें माणसास जन्मभर नवशिका ठेवितें. आणि माणसाच्या शक्तीचा असा अपव्यय हाही एक अन्यायच होय. येथें आपल्या शास्त्रकारांचा अरुंधतीदर्शनन्याय उपयोगी पडतो. अरुंधतीची तारका अतिशय मंद. ती एकदम दाखवूं गेल्यास दिसत नाहीं. म्हणून आधीं जवळची ठळक तारका दाखवावी, ती दिसल्यावर तिच्यावरून दृष्टि अरुंधतीकडे न्यावी. चांगल्या यादींत प्रत्येक आज्ञेच्या नांवापुढें तिची कळही लिहिलेली असते. दहा वेळां टिचकी मारणाऱ्याच्या डोळ्यांस ती दहा वेळां दिसते, आणि अकराव्या वेळीं हात आपण होऊन कळेकडे वळण्याचा संभव असतो. ती अक्षरें लहान आहेत, पण नवशिक्यास जाणता करण्याची इच्छा त्यांत आहे. ज्या रचनाकारानें पडदा स्वच्छ दिसावा म्हणून तीं काढून टाकिलीं, त्यानें ठळक तारका दाखवून पाहणाऱ्यास तेथेंच सोडून दिलें.

आलापल्लीहून फार दूर नसलेल्या कमलापूरच्या हत्तीकॅम्पांत हीच शिक्षणपद्धति अधिक जिवंत रूपानें दिसते. पूर्वीं या वनांत सागाचे ओंडके ओढण्याचें काम हत्ती करीत. माहूत हत्तीच्या कानामागें पायाचा किंचित् दाब देतो, एखादा शब्द उच्चारतो, आणि तें प्रचंड जनावर वळतें. त्या आज्ञा कोठें लिहून लावलेल्या नसतात; त्या माहुताच्या पायांत असतात. पण त्या तेथें एका दिवसांत येत नाहींत. नवखा माणूस आधीं चारा आणतो, हत्तीस न्हाऊं घालतो, पाहतो, जवळ राहतो. पाहण्यापासून जाणण्यापर्यंतचा रस्ता त्याच्यासाठीं कोणीतरी राखून ठेवलेला असतो. संगणकावर बसविलेल्या कारकुनास असा रस्ता आपण देतों काय? त्याला यंत्र दिलें जातें, उद्दिष्ट दिलें जातें. शिकण्यासाठीं चार दिवस मात्र मिळतीलच असें नाहीं. अशा स्थितींत खिडकीबाहेरच्या विलंबाचा सगळा दोष त्याच्या माथीं मारणें योग्य नव्हे. ऋण त्याचें आहे, तसें त्यास नेमणाऱ्याचेंही आहे.

हल्लीं माउसही मागें पडत चालला आहे. हातांतल्या फोनच्या कांचेवर माणूस प्रत्यक्ष बोटच ठेवितो, आणि जंगलांतल्या वस्तीवरचा तरुणही तें सहज करितो. ही गोष्ट आनंदाची आहे. यंत्र आतां बोललेले शब्दही ओळखूं लागलें आहे. तेथेंही प्रश्न तोच राहणार, कीं ते शब्द कोणाच्या भाषेंतले? आम्हांस भय वाटतें तें एवढ्याचेंच कीं, यंत्राशीं शब्दांनीं बोलणारे थोडे, आणि त्या थोड्यांनीं मांडून ठेवलेल्या वस्तूंवर बोट ठेवणारे पुष्कळ, अशी कायमची वांटणी होऊन बसूं नये. ती टाळण्याचे उपाय मोठे नाहींत. ज्या घरांत संगणक आहे तेथें मुलांस रोज एक कळ शिकवावी. ज्या कचेरींत आहे तेथें कारकुनास शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेंतच द्यावा. आणि जो यंत्राची मांडणी करितो त्यानें आपली योजना पुरी झाली असें म्हणण्यापूर्वीं ती दोन माणसांपुढें ठेवावी: एक, ज्यानें संगणक आजच प्रथम पाहिला आहे, आणि दुसरा, जो दहा वर्षें त्यावर काम करीत आहे. दोघांपैकीं एकाचीही वाट अडत असेल, तर योजना अपुरी आहे. तिचा भार शेवटीं रांगेंत उभ्या असलेल्या तिसऱ्यावर पडतो, आणि त्याचें मत बहुधा कोणी विचारीत नाहीं.